गिझर लागेपर्यंत

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम बाथरूममधलं. हसायचं तर हसून घ्या.

दुपारचा चहा व्हायचा होता. ती आत निळ्या नळाखाली हात धरून उभी आणि मी दारात. नळ मीच सोडून दिला होता, कारण तिची बोटं आखडलेली आणि तो नळ माझ्यासारखा, जोर लावल्याशिवाय ऐकत नाही. पाणी तिच्या मनगटावरून वाहत होतं. बांगड्या मागं सारलेल्या, डोळे मिटलेले. वैद्य नाडी बघतो तसा चेहरा.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“गप्प बसा जरा.”

“पाण्याला ऐकू जातंय होय?”

“तुमचं बोलणं अख्ख्या रास अल खैमाला ऐकू जातं.”

 मी पुन्हा तेच काढलं. उन्हाळाभर आमच्यात तेच चाललं होतं. “गिझर लागला की सांगणार ना नक्की? जायचं का राहायचं?”

“लागू तर द्या.”

तिनं हात बाहेर काढला, टॉवेल समोर असताना माझ्या सदऱ्याला पुसला, आणि निकाल दिला. “अजून नाही. आठवडाभर जाईल.” जाताना बाहेरच्या भिंतीवरचं गिझरचं बटण बघून घेतलं. बंदच होतं. “पाठ टेकते जरा. चहा झाला की हाक मारा.”

चहा झाला. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तोंडात शिवी घेऊन आत गेलो. ती तोंडातच राहिली.

आता या नळाचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं वाटायचं. जे गल्फमध्ये राहिलेत त्यांनी हा भाग सोडून पुढं गेलं तरी चालेल. इथं प्रत्येक घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि तिच्यावर दिवसभर ऊन बसलेलं असतं. मे महिना लागला की टाकीतलं पाणी असं तापतं, की निळ्या नळातून, म्हणजे गार पाण्याच्या नळातून, चहाला चालेल असं पाणी येतं. मग अंगावर घ्यायला गार पाणी कुठलं आणायचं? तर लाल नळातलं. गिझर बंद करून टाकायचा. त्याची टाकी घराच्या आत, एसीच्या गारव्यात. गच्चीवरचं कढत पाणी तिच्यात येऊन पडतं, रात्रभर निवतं, आणि सकाळी लाल नळ सोडला की माणसाच्या कातडीला सोसेल असं पाणी मिळतं. उन्हाळ्यात लाल तो गार आणि निळा तो गरम. पाणी तापवायचं यंत्र आम्ही पाणी निववायला वापरतो. ज्यानं ते बनवलं त्याला कुणी सांगू नका, बिचारा रडेल.

पुढं ऑक्टोबर सरत आला की गच्चीवरची टाकी शांत होते. निळ्या नळाचं पाणी हळूहळू कोमट, मग गार, मग अंगावर काटा आणणारं. त्या दिवशी गिझरचं बटण दाबायचं, की हिवाळा सुरू. कॅलेंडरात बारा महिने असतील. आमच्या घरात दोनच ऋतू, गिझर बंद आणि गिझर चालू. आणि ते बदलायचा अधिकार तिचा. मी भट्टीवरचा माणूस, माझ्या हाताला गरम-गार कळत नाही असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं.

मी मूळचा रायगडातला, रोह्याच्या बाजूचा. सातवीनंतर मी आणि शाळा, दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. इथं आलो ते लाद्यांच्या कारखान्यात, भट्टीवर. पाळी संपवून बाहेर पडलो की दुसऱ्या भट्टीत आल्यासारखं वाटायचं. फरक इतकाच, की पहिलीचा पगार मिळायचा. पुढं मुकादम झालो, खोलीची सोय झाली, फॅमिली व्हिसा मिळाला, आणि मी शहाणपणा असा केला की बायकोला जुलैत बोलावलं.

विमानतळाच्या दारातून बाहेर आली ती चट्‌दिशी बाजूला सरकली आणि पदर नाकाला लावून उभी राहिली. मी म्हटलं, “काय झालं?”

“ही बस जाऊ दे पुढं. किती गरम हवा सोडतेय!”

“कुठली बस?”

तिनं मागं बघितलं. बस नव्हती. ती हवाच होती. तरी पदर सावरून माझ्या मागून चालू लागली, समजूतदार होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेली आणि अशी किंचाळली, की शेजारची मल्याळी बाई उलथनं घेऊन धावत आली.

“गिझर बंद करा की हो!” आतून आवाज.

“बंदच आहे.”

“मग हे काय आहे?”

“हे गार पाणी.”

 मग कोरड्या अंगानंच बाहेर आली, खाटेवर बसली आणि अगदी शांतपणे विचारलं, “परतीचं विमान कधी असतं?”

लाल-निळ्याची अक्कल तिला त्या मल्याळी बाईनं शिकवली. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला मल्याळी येत नव्हती, आणि हिंदी दोघींनाही येत नव्हती. पण हिंदीतच बोलायच्या.

ऊन म्हणाल तर मे-जूनचं ऊन मला कधी वाईट वाटलं नाही. कोरडं असतं. थोबाडीत मारतं आणि वाटेला लागतं. गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरायचं, बाहेरच्या दाराची कडी सदऱ्याच्या टोकानं उघडायची, एवढं पाळलं की झालं. तिनं तर त्या उन्हाला कामाला लावलं होतं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर पोह्याचे पापड. गावाला दोन दिवस वाळत घालायचे ते इथं खाली येऊन पाणी पिऊन पुन्हा वर जाईपर्यंत खडखडीत. पण कधी कधी शमाल सुटायचा, म्हणजे वाळूचा वारा. मग आकाश पिवळं आणि पापडांवर पिठी साखर भुरभुरल्यासारखी वाळू. टाकायची नाही ती. झटकून तळायची. पाहुणे म्हणायचे, “वहिनी, पापड काय कुरकुरीत झालेत!” आणि ही माझ्याकडं न बघता म्हणायची, “घ्या ना अजून.”

खरी छळवादी ती ऑगस्टातली हवा. ती मारत नाही, गळ्यात पडते. दूरचा पाहुणा यावा आणि उठायचं नाव काढू नये, तशी. समुद्रावरनं ओलावा येतो, घाम वाळत नाही, सदरा पाठीला चिकटतो तो संध्याकाळी सोलून काढायचा. एसीतून बाहेर पाय टाकला की चष्मा पांढराफटक. एकदा त्या आंधळेपणात मी मल्याळी शेजारणीला आपली समजून “चल गं, उशीर होतोय” म्हणून हाताला धरलं. माझी मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, “जा की. तिला स्वयंपाक चांगला येतो.”

घराचा मालक अरबी म्हातारा. माझ्याहून म्हातारा, म्हणजे बघा. ऑगस्ट संपता संपता तो पहाटे नमाजाला जाताना आकाशात एक तारा बघायचा आणि आम्हाला येऊन सांगायचा, “खलास, हबीबी! सुहैल दिसला. गर्मी खतम.” त्यांच्या वाडवडिलांपासूनचं गणित आहे ते, तारा दिसला की उन्हाळ्याची कंबर मोडते. मी मान डोलवायचो. त्यानंतर आणखी दोन महिने आम्ही घामानं निथळायचो. मोडल्या कंबरेचा उन्हाळा एवढा नाचतो, तर धडधाकट असता तर काय केलं असतं? पण म्हाताऱ्याला तसं बोललो नाही. घर चांगलं होतं.

आता नियम कसा झाला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिल्या ऑगस्टात तिनं रोज बॅग भरली. मी रोज रिकामी केली. नोव्हेंबरात हवा पालटली तेव्हा संध्याकाळी दोघं खाडीवर फिरायला गेलो, गार वारा सुटला होता, आणि ही म्हणते, “एवढं चांगलं गाव आहे, आधी का नाही आणलंत?” दुसऱ्या ऑगस्टात पाळी माझी. भट्टीवर साहेबाशी वाजलं. मी डोक्यावरचं हेल्मेट त्याच्या पायाशी आपटलं, “खलास” म्हणालो आणि घरी येऊन सांगितलं, “बांध सामान, गावाला चाललो.” तिनं सामान बांधलं नाही. मला लाल नळाखाली बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, ताक दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर पाठवलं. साहेबानंही हेल्मेट उचलून ठेवलं होतं. त्याच्याही घरचा निळा नळ गरमच असणार.

त्या दिवशी नियम निघाला. गिझर बंद असेल तोवर घर सोडायचं, नोकरी सोडायची, कुणाला सोडायचं, असली गोष्ट काढायची नाही. काढली तरी धरायची नाही. “या दिवसांत माणसाचं डोकं शिजलेलं असतं,” ती म्हणाली. “शिजलेल्या डोक्याचं कोण ऐकतं? गिझर लागला की बोला.”

नियम सगळ्यांना. मुलगा कॉलेज संपवून दुबईत नोकरीला लागला, तिसऱ्याच महिन्यात, भर जुलैत फोन. “आई, आय ॲम क्विटिंग. बॉस माणूस नाहीये.”

“नाहीये तर नाहीये. गिझर लागला का तुमच्याकडं?”

“आई!”

“मग नोव्हेंबरात फोन कर.”

नोव्हेंबरात बॉस माणसात आला होता. मुलगा अजून तिथंच आहे, आता तोच कुणाचा तरी बॉस आहे, आणि जुलैत तो माणूस असतो की नाही ते त्याच्या हाताखालच्यांना विचारा.

या नियमातली मेख माझ्या फार उशिरा ध्यानात आली. उन्हाळ्यात जायचं नाव काढायचं नाही. आणि हिवाळ्यात जायचं नाव कोण काढतंय? म्हणजे जायचंच नाही. एकदा मी तिला तसं तोंडावर म्हटलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “चाळीस पोळ्या खाऊन झाल्यावर समजलं होय, पोळी आहे म्हणून?”

हिवाळा मात्र इथला खाऊन टाकावा असा. डिसेंबरात पहाटे धुकं उतरतं, समोरचा खांब दिसत नाही, गाड्या दिवे लुकलुकवत मुंगीच्या चालीनं जातात. आपली कामगार पोरं माकडटोप्या घालून बसची वाट बघत उभी असतात. गावाला एवढ्या थंडीत उघड्यानं फिरतील, पण इथं स्वेटर. कारण मालकानं दिलाय. पाऊसही येतो. वर्षातून दोन-चार दिवस, तोही न विचारता. रस्त्यांना गटारं नाहीत, पाणी तुंबतं, शाळांना सुट्टी, आणि लोक मोठमोठ्या गाड्या काढून ते तुंबलेलं पाणी बघायला डोंगराकडं जातात. आमची खिडकीत उभी राहून नाक मुरडायची. “याला पाऊस म्हणतात? आमच्या पत्र्याच्या भोकातून याच्यापेक्षा जास्त यायचं.” वर्षभर उन्हाला छत्री घेऊन फिरणारी बाई, नेमकी त्या दिवशी छत्री घरी ठेवून बाहेर जायची आणि चिंब होऊन यायची. मुद्दाम. मला ठाऊक आहे, मुद्दाम.

आणि जानेवारीत पोपटी. आमच्याकडं थंडीत शेतात करतात. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा घालायचा, भांबुर्डा नावाच्या रानझाडाच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून जाळ. इथं वालाच्या शेंगा मिळतात, मडकं मिळतं, भांबुर्डा कुठून आणणार? कोबीची पानं लावून बघितली, पोपटीला हॉस्पिटलचा वास आला. मग तिनं कुंडीत ओवा लावला, त्याची पानं कोंबली. जमलं. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी डोंगराच्या पायथ्याला वाळूत आम्ही, मुलगा, आणि उम्म अल कुवैनहून आमचा एक गाववाला यायचा. तिथल्या कारखान्यात आहे, कामगारांच्या कॅम्पात राहतो, आडवातिडवा गडी, आवाज रेड्यासारखा, आणि हिला वहिनी म्हणायचा. म्हणायचा काय, हिच्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. एकदा आमचा उलट्या मडक्यावरचा जाळ बघून एका अरबी माणसानं गाडी थांबवली. त्याला वाटलं, ही मंडळी काही पुरून ठेवतायत. मडकं फोडल्यावर वाकून बघतो तर शेंगा. “हबीबी,” मला म्हणाला, “लहम किधर है?” म्हणजे मटण कुठंय. हिनं त्याच्या हातावर गरम अंडं ठेवलं. त्यानं उभ्या उभ्या चार खाल्ली आणि गाडीतून खजुराचा खोका काढून आमच्याकडं टाकला. सगळ्यांना पुरला.

अशी आमची वर्षं गेली. गिझर बंद, गिझर चालू. मी रिटायर झालो, माझा व्हिसा मुलाच्या नावावर गेला. मुलगा लग्न करून दुबई सिलिकॉन ओएसिसला टॉवरमध्ये राहायला गेला. सून पुण्याची, मनानं चांगली. आम्ही दोघं त्यांच्याकडं आठवडाभर राहून आलो होतो. तिथं खिडकी उघडत नाही. हवा बिल्डिंगची, पाणी बिल्डिंगचं, नळ फिरवाल तसं येतं, बारा महिने. सकाळी उठून सून काचेसमोर उभी राहून मोबाईल बघते, बाहेर किती गरम आहे ते. आमच्या हिनं तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, “अहो, सध्या कुठला महिना चालू आहे?”

या वर्षी मात्र मी गंभीर होतो. गुडघे गेले. गावाला भावानं घराचं छप्पर नवं घातलं, सारखा फोन, “या आता.” मुलगा म्हणे, “माझ्याकडं या.” घराचा करार ऑक्टोबरअखेरीला संपत होता, मालकाला सांगायला हवं होतं. म्हणजे गाव, टॉवर की इथंच, काहीतरी एक ठरवायलाच हवं होतं. मी ऑगस्टातच म्हटलं, “गाव.” ती म्हणाली, “शिजलंय.” मी म्हटलं, “बरं, तू सांग.” म्हणाली, “गिझर लागेल त्या दिवशी सांगते. या वेळी नक्की सांगते. आणि मी सांगेन ते तुम्ही ऐकायचं.”

मी हो म्हटलं. आयुष्यभर ऐकलंच होतं.

म्हणून ऑक्टोबर लागल्यापासून रोज दुपारी, चहाच्या आधी, तो नळ. सकाळी नाही. सकाळचं पाणी रात्रीच्या हवेनं फसवतं, असं ती म्हणायची. आणि शेवटच्या दुपारी “अजून नाही” म्हणाली आणि पाठ टेकायला गेली.

हॉस्पिटलचं मी काही लिहीत नाही. तिथं एसी फार होता. तिला सोसायचा नाही तेवढा. मी नर्सला म्हटलं, “जरा कम करो.” तिनं केला. चांगली मुलगी. मुलगा, सून, नात दुबईहून आली. कागद झाल्याशिवाय तिला नेता येणार नव्हतं. गावाला न्यायचं का, असं मुलानं विचारलं. तो प्रश्न नव्हता. एका जानेवारीत पोपटी खाताना तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “मला खोक्यात घालून विमानाच्या पोटातून नेऊ नका. एवढी वर्षं इथं भाजून घेतलंय, उरलेलं पण इथंच भाजा.” गिझर चालू असतानाचं बोलणं. पक्कं.

संध्याकाळी घरी आलो. मयताला शिवून आलेलो, सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घ्यायला हवं. गाववाला उम्म अल कुवैनहून थेट हॉस्पिटलात पोचला होता, तोही बरोबर. रस्ताभर रडत होता, टॅक्सीवाला पठाण त्याच्याबरोबर रडला. सून आम्हा पुरुषांच्या पुढं घरी आली होती. चहा ठेवला, चटया घातल्या, आणि सासऱ्याला गरम पाणी मिळावं म्हणून, जीव लावणारी पोर, तिनं गिझर लावला. टॉवरमध्ये राहणारीला काय ठाऊक!

मी गाववाल्याला म्हटलं, “तू जा आधी.” तो जुना गल्फवाला. ऑक्टोबर आहे, म्हणजे लाल तो गार. डोळे मिटून लाल नळ सोडला, तांब्या भरला आणि डोक्यावर ओतला.

“मेलो, मेलो, मेलो!” घर हादरलं. “आई गं! ओ वहिनी! गिझर लावलात होय? सांगायचं तरी, वहिनी!”

मग आतून एकदम आवाज बंद. नुसता नळ चालू. त्याच्या ध्यानात आलं होतं, आपण कुणाला हाक मारली ते.

बाहेर सुनेनं तोंडावर हात ठेवला. आणि मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, जोरात फुटलं. भिंतीला धरून हसलो. हॉस्पिटलात जिचं तोंड झाकून आलो, तिच्या घरात तोंड उघडं टाकून हसत होतो. नात म्हणाली, “ममा, इज आजोबा ओके?” सुनेला वाटलं धक्का बसला, तिनं साखरपाणी आणलं. मुलगा मात्र खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही.

आता लाल पण गरम आणि निळा पण गरम. मग सुनेनं फ्रीजमधल्या बाटल्या आणि बर्फाचे ट्रे बादलीत रिकामे केले आणि आम्ही सुतकाची आंघोळ बर्फ घालून केली. गाववाल्याच्या टकलावर तिनं मलम लावलं. तो “थँक्यू, वहिनी” म्हणाला, आणि पुन्हा रडायला बसला.

सकाळी उठलो तेव्हा गिझरचा लाल दिवा तसाच जळत होता. कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

मुलगा कागदांची पिशवी घेऊन निघायच्या बेतात होता. भावाचा फोन येऊन गेला होता. “बाबा,” तो म्हणाला, “आत्ता बोलायला नको, पण काका विचारतायत. घरमालकाला पण कळवायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षाचा करार आपोआप गळ्यात पडेल. माझ्याकडं येताय ना? का गावी? ठरवा एकदा.”

“गिझर लागला की ठरवू.”

 त्यानं बाथरूमच्या भिंतीकडं बोट केलं. “लागलाय, बाबा.”

चेष्टा नव्हती ती. त्याच घरात वाढलाय तो, नियम त्यालाही ठाऊक. दोघंही त्या दिव्याकडं बघत उभे राहिलो. कुणी त्रयस्थ आला असता तर म्हणाला असता, देवाचा दिवा असेल.

“तो तुझ्या बायकोनं लावलाय,” मी म्हटलं. “आईनं नाही. आई काल अजून नाही म्हणाली.”

“बाबा, पण…”

“आठवडा म्हणाली.”

भिंत धरत गेलो आणि बटण बंद केलं. पण बटण बंद करून भागत नाही, आतलं पाणी दिवसभर कढतच राहतं. म्हणून स्टूल ओढलं, बाथरूममध्ये बसलो, लाल नळाखाली बादली लावली आणि सोडला. वाफ आली. बादली भरली, मोरीत ओतली, पुन्हा लावली.

मुलगा दारात. पिशवी काखेत. “काय करताय?”

“रिकामा करतोय. निवू दे. दुपारी चहाच्या आधी बघीन हात लावून.”

“तुमच्या हाताला कळतं?”

“नाही कळत. उद्या परत बघीन.”

त्यानं पिशवी बाहेर टेकवली, पँट वर दुमडली आणि गच्चीच्या जिन्याखालची दुसरी बादली घेऊन आला.